बांधाचे कारण : शेतीच्या संगणकीय खेळातील भूमिरचनेचा विचार

शेतीचा देखावा रंगविणारा चित्रकार आणि शेतीच्या खेळासाठी भूमी रचणारा नकाशाकार यांच्यात एक मूलभूत भेद आहे. चित्रातील शेत पाहावयाचे असते. नकाशातील शेत नांगरावयाचे असते. म्हणून या दुसऱ्या रचनेचे मूल्यमापन केवळ दृश्यसादृश्याच्या कसोटीवर करणे अपुरे ठरते. स्वित्झर्लंडमधील ‘जायंट्स सॉफ्टवेअर’ या संस्थेने २००८ साली ‘फार्मिंग सिम्युलेटर’ हा खेळ प्रथम प्रसिद्ध केला. खेळाबरोबर येणाऱ्या मोजक्या नकाशांवर समाधान न मानता अनेक हौशी रचनाकार त्याच संस्थेच्या ‘जायंट्स एडिटर’ या साधनाने आपापल्या परिचयाची भूमी उभी करतात. या रचनांची परीक्षा डोंगरात नव्हे, बांधात होते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम सामग्रीचा विचार करू. नकाशाची उंचसखलता एका करड्या चित्रात साठविलेली असते. जितका बिंदू उजळ, तितकी तेथील जमीन उंच. २५५ मीटरांची उंची २५६ छटांत विभागली, तर प्रत्येक छटेला एक मीटरची पायरी पडते आणि उतारावर जिने दिसू लागतात. ६५,५३६ छटा वापरल्या, तर हीच पायरी चार मिलिमीटरांच्या आत येते. पण ही सूक्ष्मता उभ्या मापातली आहे. आडव्या मापात परिस्थिती निराळी. २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकी अंतराळयानाने अकरा दिवसांत केलेल्या रडार-मोजणीतून पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची सर्वांना उपलब्ध झाली, आणि अनेक रचनाकार तिचाच आधार घेतात. तिच्यातील दोन बिंदूंमधील अंतर सुमारे ३० मीटर आहे. दोन किलोमीटर रुंदीच्या नकाशाच्या एका बाजूला असे जेमतेम ६८ बिंदू येतात. टेकडी या जाळ्यात सापडते. बांध, पाट आणि ओघळ निसटतात. म्हणजे आयती मिळते ती भूगोलाची रूपरेषा. शेती रचनाकाराला स्वतः रचावी लागते, आणि त्याची दृष्टी येथेच उघड होते.

दुसरा प्रश्न विस्ताराचा. २०२१च्या आवृत्तीतील ‘एल्मक्रीक’ हा नकाशा अमेरिकेच्या मध्य-पश्चिम प्रदेशाच्या धर्तीवर रचलेला आहे. त्या प्रदेशाची आखणी १७८५च्या भूमिविषयक अध्यादेशाने घालून दिलेल्या पद्धतीची : एक मैल लांबी-रुंदीचा चौरस, क्षेत्र ६४० एकर, म्हणजे सुमारे २५९ हेक्टर. नकाशाची बाजू २०४८ मीटर, म्हणजे क्षेत्र सुमारे ४१९ हेक्टर. तेव्हा अशा दीड-पावणेदोन चौरसांत गाव, नदी, अरण्य, बाजार आणि पुष्कळशी शेते बसवावयाची आहेत! येथे वास्तवाची नक्कल अशक्यच आहे. प्रश्न निवडीचा, आणि क्षेमेंद्राची संज्ञा वापरावयाची तर, औचित्याचा आहे. विस्तीर्णता हाच ज्या प्रदेशाचा स्वभाव, त्याचे रस्ते काटकोनात ठेवले तरी त्याचे अंतर मात्र हरवते. हौशी रचनाकारांनी चौपट आणि सोळापट क्षेत्राचे नकाशे केले, त्यामागे हीच अडचण दिसते. तथापि क्षेत्र वाढले म्हणून औचित्य आपोआप वाढत नाही. बांधाला कारण नसेल, तर मोठा नकाशा हा मोठा रिकामेपणा ठरतो.

बांधाचे कारण म्हणजे काय? प्रत्यक्ष भूमीवर शेताची कड उतार, पाणी, वारसा आणि शेजार यांनी ठरते. खेळाच्या नकाशात ती बहुधा यंत्राच्या रुंदीने ठरते. मूळ खेळात चढावरची माती धुपत नाही आणि उताराने उत्पन्न घटत नाही. उलट वाकड्या कडेच्या शेतात खेळातील मदतनीस कोपरे तसेच सोडतो आणि मोठ्या कापणीयंत्राला वळावयास जागा उरत नाही. साहजिकच रचनाकार कुंपण काढतो, कड सरळ करतो, दोन शेतांचे एक करतो. फ्रान्समध्ये १९४१च्या कायद्यानंतर आणि विशेषतः महायुद्धोत्तर दशकांत जमिनींच्या एकत्रीकरणासाठी ब्रिटनीसारख्या प्रदेशातील झुडपांची कुंपणे व मातीचे वरंबे याच तर्काने उखडले गेले. पश्चिम जर्मनीत १९५३च्या कायद्याने तशाच पुनर्रचनेला चालना दिली. भेद इतकाच की ब्रिटनीत पुढे मातीची धूप आणि पाण्याचा लोंढा यांनी त्या निर्णयाचा जाब विचारला. नकाशात जाब विचारणारे कोणी नाही.

मालकीचेही असेच आहे. २०१८पासूनच्या आवृत्त्यांत शेताची कड आणि मालकीची हद्द या दोन स्वतंत्र स्तरांत असतात. नांगर घालून दोन शेते जोडता येतात. हद्द मात्र रचनाकाराने आखली तशीच राहते. तिचा अखंड तुकडा विकत घ्यावा लागतो. तेथे वाटणी नाही, कूळ नाही, सामाईक गायरान नाही. ज्या वाचकाने सातबाऱ्याचा उतारा एकदा तरी पाहिला आहे, त्याला या जमिनीचे निर्वंशत्व तत्काळ जाणवेल.

अपवादानेच हा नियम स्पष्ट होतो. २०२४च्या आवृत्तीत भाताचे पीक आले आणि ‘हुतान पंताई’ हा पूर्व आशियाई धाटणीचा नकाशाही आला. भातखाचरात पाणी भरावे लागते; म्हणून तेथे कड हा अलंकार न राहता पिकाची अट होतो. खेळाच्या नियमात पाण्याला स्थान मिळताच बांधाला अर्थ प्राप्त झाला, ही घटना समीक्षकाने विशेष लक्षात घ्यावी.

यावर असा आक्षेप येईल की, खेळ हा मनोरंजनासाठी असतो. त्याच्यावर कृषिशास्त्राचे ओझे कशाला? आक्षेप निराधार नाही. वळताच न येणारे शेत खेळाडूला कंटाळा आणील, आणि कंटाळवाणी सत्यनिष्ठा हा कलेचा गुण नव्हे. परंतु ज्यांचा शेतजमिनीशी प्रत्यक्ष संबंध उरलेला नाही, अशा अनेकांना शेताचा आकार या नकाशांतूनच प्रथम कळतो. शेत म्हणजे यंत्रासाठी मोकळी केलेली जागा, हा समज त्यांच्या मनात निसर्गनियमासारखा रुजू शकतो. आपल्या खोऱ्यातील एखादा अडचणीचा बांध जागेवर ठेवून त्याच्या कडेने रस्ता वळविणारा रचनाकार खेळाची गती किंचित कमी करतो खरा. पण ती जमीन यंत्राच्या आधीपासून कोणाची तरी होती, एवढे तो खेळाडूला सांगून जातो. नकाशाचे मूल्य ठरविताना समीक्षेने प्रथम असा बांध शोधावा.