राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक मालमत्ता हस्तांतरण प्रणाली आणि हितसंबंधी घटकांशी विचारविनिमय : ऑस्ट्रेलियाच्या अनुभवाची चिकित्सा

प्रस्तावना

घर किंवा जमीन यांची खरेदी-विक्री हा सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार असतो. त्यातील दस्तऐवज, पैशांची देवघेव आणि मालकीची नोंद ही तिन्ही कामे संगणकाच्या साहाय्याने एकत्र जोडण्याचा प्रयत्न गेल्या दोन दशकांत काही देशांनी केला. या प्रयत्नांची चर्चा बहुतांशी तंत्रज्ञानाच्या अंगाने होते. प्रणाली उभारताना कोणाला विचारले गेले आणि कोणाचे म्हणणे आराखड्यात उतरले, हा प्रश्न मात्र मागे पडतो. प्रस्तुत लेखात ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय प्रणालीच्या संदर्भात याच प्रश्नाची चिकित्सा करावयाची आहे.

येथे ‘हितसंबंधी घटक’ म्हणजे या व्यवहाराच्या यशापयशाचा ज्यांच्यावर परिणाम होतो ते सर्व : राज्य सरकारे, नोंदणी अधिकारी, बँका, वकील, हस्तांतरणाचे काम करणारे परवानाधारक व्यावसायिक, आणि अर्थातच खरेदीदार व विक्रेता. मराठीत ‘हितसंबंध’ या शब्दाला स्वार्थाचीही एक छटा आहे. पुढील विवेचनात ती छटा ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल.

पार्श्वभूमी

दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने नवा स्थावर मालमत्ता कायदा झाला. शासकीय नोंदवहीतील नोंद हाच मालकीचा आधार, हे त्याचे मूलतत्त्व होय. पुढे हे तत्त्व सर्व ऑस्ट्रेलियात स्वीकारले गेले; परंतु जमीन हा विषय राज्यांकडे असल्याने आठ राज्य व प्रदेशांच्या आठ स्वतंत्र नोंदवह्या, आठ कायदे आणि कामाच्या आठ पद्धती निर्माण झाल्या. व्यावसायिकांचे अधिकारही सर्वत्र सारखे नव्हते. क्वीन्सलँडमध्ये हे काम वकिलांकडेच राहिले, तर न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरियात वकील नसलेल्या परवानाधारकांनाही ते करता येते.

कागदी पद्धतीत व्यवहाराच्या दिवशी दोन्ही पक्षांचे व त्यांच्या बँकांचे प्रतिनिधी एका ठिकाणी जमत. तेथे धनादेश व मालकीपत्र यांची अदलाबदल होई आणि त्यानंतर दस्त नोंदणी कार्यालयात दाखल केला जाई. पैसे हाती पडणे आणि नोंद होणे यांमधील हे अंतर म्हणजेच खरेदीदाराची जोखीम होती. ते अंतर मिटविणे हे नव्या प्रणालीचे मुख्य प्रयोजन होते.

विचारविनिमयाची वाटचाल

व्हिक्टोरिया राज्याने या शतकाच्या पहिल्या दशकात स्वतःची इलेक्ट्रॉनिक प्रणाली उभारली. तांत्रिकदृष्ट्या ती तयार होती, तथापि तिचा वापर अत्यल्प राहिला. देशभर व्यवसाय करणाऱ्या मोठ्या बँकांना प्रत्येक राज्यासाठी वेगळी प्रणाली नको होती. ज्यांच्या सहभागावाचून व्यवहार पूर्णच होऊ शकत नाही, त्यांची संमती गृहीत धरल्याचा हा परिणाम होता.

राष्ट्रीय प्रणालीच्या वेळी हा धडा घेतलेला दिसतो. त्यासाठी स्थापन झालेल्या कार्यालयाने वकील, बँका व हस्तांतरण व्यावसायिक यांच्या संघटनांना राज्यांच्या प्रतिनिधींबरोबर चर्चेत आणले. कार्यपद्धतीचा मसुदा प्रसिद्ध झाला, त्यावर अभिप्राय आले आणि मसुद्यात वारंवार सुधारणा झाल्या. २००८ मध्ये केंद्र व राज्य सरकारांच्या परिषदेने हा विषय राष्ट्रीय सुधारणांच्या कार्यक्रमात घेतला. २०१० मध्ये प्रणाली उभारण्यासाठी कंपनी स्थापन झाली. तीच पुढे ‘पेक्सा’ या नावाने ओळखली जाऊ लागली. २०११ मध्ये राज्यांमध्ये करार झाला आणि २०१२ मध्ये न्यू साउथ वेल्सने संमत केलेला राष्ट्रीय कायदा इतरांनी क्रमाक्रमाने स्वीकारला. नियमनाचे काम राज्यांच्या निबंधकांच्या संयुक्त परिषदेकडे आले. २०१३ मध्ये गहाणविषयक व्यवहारांपासून प्रत्यक्ष कामास आरंभ झाला.

इंग्लंडचा अनुभव याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. तेथे २००२ च्या जमीन नोंदणी कायद्याने इलेक्ट्रॉनिक हस्तांतरणाची तरतूद केली. इंग्लंड व वेल्ससाठी नोंदवही एकच असल्याने काम सुकर व्हावे, अशी अपेक्षा होती. परंतु २०११ मध्ये, विचारविनिमयात सुरक्षेविषयी शंका पुढे आल्यावर, इलेक्ट्रॉनिक हस्तांतरणाचे काम थांबविण्यात आले. कायदा आधी आणि प्रश्न नंतर, असा क्रम ठेवल्यास विचारविनिमय सुधारणेचे साधन न राहता तिच्या स्थगितीचे निमित्त होतो.

उणिवा

ऑस्ट्रेलियाची प्रक्रिया व्यापक होती, हे मान्य करावे लागेल. मात्र ती व्यापकता संघटित घटकांपुरती मर्यादित होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. याची तीन गमके सांगता येतील.

पहिले गमक प्रणालीच्या रचनेत आहे. तिचे सदस्य बँका, वकील, परवानाधारक व्यावसायिक व शासकीय संस्था हेच असू शकतात. ज्याचे घर विकले जाते तो सदस्य नसतो. तो प्रतिनिधीला अधिकारपत्र देतो आणि पुढील सर्व कृती त्याच्या नावे दुसरा कोणी करतो. कागदी पद्धतीत स्वतःची स्वाक्षरी ही त्याच्या हातची एक खूण होती. तीही आता उरली नाही.

दुसरे गमक २०१८ च्या घटनेने उघड केले. एका व्यावसायिकाच्या ई-मेल खात्यात शिरकाव करून पैसे जमा करावयाच्या बँक खात्याचा तपशील बदलण्यात आला व विक्रेत्या कुटुंबाचे सुमारे अडीच लाख डॉलर भलत्याच खात्यात गेले. नोंदवहीत चूक झाल्यास भरपाई देण्याची तरतूद टॉरेन्स पद्धतीत आहे. पण येथे चूक नोंदवहीत नव्हती, पैशांच्या वाटेत होती. या घटनेनंतर कंपनीने निवासी मालमत्तांच्या विक्रेत्यांसाठी हमी योजना जाहीर केली. नोंद आणि पैसा एकाच प्रणालीत आणले जात असताना दोहोंच्या संरक्षणाचा विचार एकत्र व्हावयास हवा होता. विक्रेत्याच्या वतीने कोणी चर्चेत बसले असते तर ‘पैसे चुकले तर कोण भरणार?’ हा त्याचा पहिलाच प्रश्न असता.

तिसरे गमक मालकीचे आहे. चार राज्य सरकारे व देशातील चार प्रमुख बँका या कंपनीच्या भागधारक झाल्या. सल्ला देणारा हितसंबंधी घटक अशा रीतीने मालकही झाला. २०१८-१९ च्या सुमारास अनेक राज्यांत बहुतेक व्यवहारांसाठी इलेक्ट्रॉनिक पद्धत सक्तीची होत होती. नेमक्या त्याच काळात, २०१९ च्या प्रारंभी, कंपनी सुमारे १.६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरना विकली गेली. खरेदीदारांत एक मोठी बँकही होती. २०२१ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. दरम्यान ‘सिम्प्ली’ ही प्रतिस्पर्धी कंपनी उभी राहिली आणि दोन्ही प्रणाली परस्परांशी जोडण्यासाठी २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली; पण ते काम २०२४ मध्ये थांबविण्यात आले. पर्यायी प्रणालीचा प्रश्न आराखड्याच्या वेळीच सोडविणे तुलनेने सोपे होते. सर्वांची यंत्रणा एका प्रणालीशी बांधली गेल्यानंतर बदलाचा खर्चच त्याच्या आड येतो.

एक आक्षेप

यावर असा आक्षेप घेता येईल की, सर्वांना विचारत बसल्यास सुधारणा कधीच होणार नाही. या आक्षेपाला खुद्द टॉरेन्स यांच्या चरित्राचा आधार आहे. ते वकील नव्हते आणि त्यांच्या कायद्याला वकीलवर्गाचा तीव्र विरोध होता. त्या काळी व्यावसायिकांची संमती ही पूर्वअट मानली असती तर तो कायदा झालाच नसता.

परंतु या उदाहरणाचा अर्थ विचारविनिमय टाळावा असा होत नाही. वकिलांचा विरोध पत्करला गेला तो जमीन घेणाऱ्या सामान्य माणसाला स्वस्त व निश्चिंत व्यवहार मिळावा म्हणून. म्हणजे तेथेही एका घटकाचे ऐकले गेलेच. फक्त तो घटक सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारा नव्हता. विचारविनिमय म्हणजे प्रत्येकाला नकाराधिकार देणे नव्हे. प्रत्येकाचे म्हणणे नोंदवून, काय स्वीकारले व काय का नाकारले याची कारणे जाहीर करणे हे त्याचे खरे स्वरूप होय.

भारतीय संदर्भ

भारतात १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये दस्ताची नोंद होते. त्या नोंदीने मालकीची हमी मिळत नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाने मात्र टॉरेन्सप्रणीत तत्त्वाशी नाते सांगणारे निर्णायक मालकी हक्काचे ध्येय पुढे ठेवले. महाराष्ट्रात संगणकीकृत सातबारा व भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणी रूढ झाली आहे. पुढचे पाऊल टाकताना दुय्यम निबंधक, तलाठी, वकील, दस्तलेखक व बँका यांचे म्हणणे कोणत्या ना कोणत्या मार्गाने शासनापर्यंत पोहोचेल. सातबाऱ्यावर नाव न चढलेली वारस बहीण, कुळ, किंवा गाव सोडून शहरात गेलेला सहहिस्सेदार यांची मात्र कोणतीही संघटना नाही. नोंद निर्णायक झाली की तिच्याबाहेर राहिलेल्याची वाट अधिक बिकट होते. म्हणून त्यांना आधी विचारणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

ऑस्ट्रेलियाच्या अनुभवावरून असे म्हणता येते की, विचारविनिमयामुळे प्रणालीला वापरकर्ते मिळाले. व्हिक्टोरियाच्या प्रयोगाला नेमके तेच मिळाले नव्हते. तथापि नुकसानीचे दायित्व आणि मक्तेदारीचे नियंत्रण हे दोन प्रश्न पुरेशा तयारीविना पुढे आले, कारण त्यांची झळ ज्यांना लागणार होती त्यांना चर्चेत स्वतःचे स्थान नव्हते. यास्तव तीन अपेक्षा नोंदविता येतील : आराखडा बदलता येण्याजोगा असतानाच विचारविनिमय व्हावा, असंघटित नागरिकाच्या वतीने बोलणारा स्वतंत्र प्रतिनिधी नेमला जावा, आणि सल्लागार व मालक या भूमिका एकाच हाती नसाव्यात. प्रणाली किती वेगवान आहे हे पहिल्या व्यवहारातच कळते. ती न्याय्य आहे की नाही, हे एखादा व्यवहार फसल्यावरच कळते, आणि तोवर आराखडा बदलण्याची वेळ निघून गेलेली असते.