तीस वैद्यांचा नियम

गोव्याच्या वैद्यांवर लिहिताना आपण मंडळी १६१८ चा नियम हमखास देतो. गोवा शहराच्या नगरसभेने ठरवलं : फिझिकु-मोर, म्हणजे सरकारी मुख्य वैद्य, याच्याकडे परीक्षा दिल्याशिवाय कोणी उपचार करायचे नाहीत, आणि हिंदू वैद्य तिसांहून जास्त नकोत. पुढे शेरा : 'धर्मद्वेष!' झालं, निबंध संपला.

मला हे वाचन अपुरं वाटतं. १५८३ ते १५८८ गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोतेन सांगतो, की खुद्द व्हिसेरेई, आर्चबिशप आणि पाद्री आपल्या देशबांधवांपेक्षा हिंदू वैद्यांवर जास्त भरवसा ठेवत. द्वेष होताच, नाही कोण म्हणतो? पण नुसता द्वेष असता तर आकडा शून्य असता. तीस हा गरजेचा आकडा आहे.

खरी गोम परीक्षेत आहे, आणि तिच्याकडे आपण बघतच नाही. युरोपीय वैद्यक शिकलेला परीक्षक आपल्या वैद्याला विचारणार काय, नाडी की गालेन? कुठल्या भाषेत? आणि वैद्य मोजले, ठीक. पण बाजारात गावठी पाळंमुळं विकणारे? ते ह्या तिसांत धरायचे की नाहीत?