घुणाक्षर आणि चेहरा

संस्कृतात ‘घुणाक्षर न्याय’ म्हणून एक न्याय आहे. लाकूड पोखरता पोखरता किड्याकडून एखादे अक्षर कोरले जाते. किड्याला लिहावयाचे नव्हते, पोट भरावयाचे होते. तरी तुळईवर ‘ग’ उमटला हे खरे. ध्यानीमनी नसता साधलेल्या गोष्टीला आपण हा दाखला देतो. परंतु या न्यायात आणखी एक असामी आहे, आणि त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो म्हणजे मान वर करून तुळईकडे पाहणारा, अक्षरओळख असलेला माणूस. तो नसेल तर तुळईला नुसते भोक पडले आहे.

हा न्याय आठवण्याचे कारण चित्रकला शिकणाऱ्या तरुण मंडळींत आज चांगलीच रुळलेली एक पद्धत. माणूस काढावयाचा आहे पण सुचत नाही. मग चिठ्ठ्या उचलावयाच्या. एकीवर ‘म्हातारा कोळी’, दुसरीवर ‘छत्री’, तिसरीवर ‘रुसलेला’. तिहींचा मिळून जो होईल तो आपला नायक! मोबाईलवर हेच काम यंत्र करते; बोट लावले की नवे त्रिकूट हजर. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने २००९ साली ऑक्टोबरभर रोज एक शाईचे चित्र काढण्याचा ‘इंकटोबर’ हा उपक्रम सुरू केला. पुढे त्याच्यासाठी रोजच्या शब्दाची यादीही निघू लागली. जुनी मंडळी याला आळस म्हणतात, नवी मंडळी याला कल्पनांची खाण समजतात. माझ्या मते दोघेही चिठ्ठीला नको तेवढे महत्त्व देतात.

मुळात युक्ती नवी नाही. डाग पडलेल्या भिंतींकडे टक लावून पाहा, त्यांत डोंगर, लढाया, चमत्कारिक चेहरे दिसतील, असे लिओनार्दो दा विंची याने चित्रकारांना सांगून ठेवले आहे. मात्र त्याच्या उपदेशाचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. डागांतून कल्पना सुचतात, पण कोणतीही गोष्ट पुरी कशी करावी हे डाग शिकवीत नाहीत, असेही त्याने बजावले आहे. वादाचा सारा मुद्दा या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

व्यक्तिरेखेच्या बाबतीत हा मुद्दा कसास लावला तो जिनीव्हाच्या रोडॉल्फ टॉप्फर याने. हा चित्रकाराचा मुलगा (१७९९–१८४६). डोळ्यांच्या विकारामुळे चित्रकार होणे राहून गेले, आणि तो शाळामास्तर झाला. करमणूक म्हणून त्याने चित्रांच्या ओळींतून गोष्टी सांगितल्या, आणि आजच्या चित्रकथेचा तो एक आद्य पुरुष ठरला. १८४५ साली त्याने चेहऱ्यांच्या रेखाटनावर एक छोटा निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे, की चेहरा कितीही गबाळा काढा, त्याला काही ना काही भाव असतोच. तेव्हा हेतू न धरता रेघोट्या ओढाव्यात, आणि मग कागदावर कोण आले आहे ते पाहावे. त्याचा ‘मिस्यू क्रेपँ’ असाच आला. आधी लेखणीच्या ओघात एक तोंड उमटले; मग त्या तोंडाला साजेसा स्वभाव, मुलांच्या शिक्षणासाठी एकामागून एक शिक्षक नेमून फसणारा बाप, आणि अखेर १८३७ साली छापलेले सबंध पुस्तक.

येथे दैवयोगाचा वाटा किती? पहिल्या तोंडापुरता. पुढच्या प्रत्येक चौकटीत तोच क्रेपँ, कधी रागावलेला, कधी आशाळभूत, पण ओळखू येईल असा काढावयाचा होता, आणि ते काम रेघोटीने केले नाही. टॉप्फरने चेहऱ्यावरील खुणांचे दोन वर्ग पाडले: नाक-कपाळासारख्या कायमच्या, आणि हसणे-रडणे यांसारख्या जाणाऱ्या-येणाऱ्या. नाकाच्या आकारावरून स्वभाव ठरविणाऱ्यांवर त्याचा विश्वास नव्हता. एकच डोके घेऊन त्याचे नाक बदल, ओठ बदल, आणि प्रत्येक वेळी माणूस कसा पालटतो ते पाहा, असा त्याचा अभ्यास. सापडलेल्या गोष्टीची अशी उलटतपासणी करणाऱ्याला आळशी कोण म्हणेल?

म्हणून मला एक साधी कसोटी सुचते. चिठ्ठीवरून काढलेला माणूस चिठ्ठी फाडून टाकल्यावर दुसऱ्यांदा काढता येतो का? रुसलेला कोळी जेवावयास बसला, त्याला ताप आला, त्याची छत्री हरवली. तरी तो तोच राहतो का? राहत असेल तर व्यक्तिरेखा जन्मली. नसेल तर तो घुणाक्षरातला ‘ग’. किड्याला दुसरा ‘ग’ काही कोरता येत नाही.

या कसोटीवर शब्दांच्या चिठ्ठ्या बहुधा उण्या पडतात, आणि त्याला कारण आहे. डाग किंवा रेघोटी मुकी असते. तिच्यात काय आहे हे पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते. शब्द मात्र आपले तयार चित्र बरोबर घेऊन येतो. ‘कोळी’ म्हटले की टोपी आणि जाळे, ‘राजा’ म्हटले की मुकुट. हाताची सवय मोडावी म्हणून चिठ्ठी उचलली, आणि हाताने सवयीचेच सामान आणून मांडले! मग नवेपणा उरतो तो सामानाच्या सरमिसळीत. पण छत्री म्हणजे स्वभाव नव्हे. हा म्हातारा कोणावर रुसला, छत्री कोणाची, ती उघडत का नाही, असे प्रश्न चित्रकाराने स्वतःला घातले तरच शब्द कामाचा.

पॅरिसच्या अतिवास्तववाद्यांनी १९२५च्या सुमारास सरमिसळीचा हा खेळ टोकाला नेला. कागदाला घड्या घालून एकाने डोके काढावयाचे, दुसऱ्याने ते न पाहता धड, तिसऱ्याने पाय. त्यातून निघालेल्या आकृती थक्क करतात. पण त्यांपैकी एखादी पुन्हा भेटावी असे वाटत नाही, कारण तिची जबाबदारी कोणीच घेतलेली नाही. अर्थात त्यांना माणूस घडवावयाचाच नव्हता. बुद्धीचा पहारा चुकवावयाचा होता. आपण त्यांचे साधन घेतो आणि भलत्याच फळाची अपेक्षा करतो.

याच्या उलट रवींद्रनाथांचे उदाहरण. १९२४ साली अर्जेंटिनात सान इसिद्रो येथे ‘पूरबी’तील कविता लिहिताना खोडलेल्या ओळी ते रेघांनी एकमेकींना जोडीत; त्या खाडाखोडीतून चोची, नखे, अनोळखी जनावरे वर येत. येथपर्यंत हाही दैवयोगच. पण साठी उलटलेला हा कवी तेथे थांबला नाही. मे १९३०मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत त्यांच्या चित्रांची संख्या दोन हजारांवर गेली. त्यांत लांबट चेहऱ्याची, गूढ डोळ्यांची स्त्री पुन्हा पुन्हा येते. खाडाखोडीने ती एकदा दिली असेल. पुढे तिला वारंवार बोलावून आणली ती रवींद्रनाथांनी.

राजशेखराने प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले आहेत: निर्माण करणारी कारयित्री आणि आस्वाद घेणारी भावयित्री. दैवयोगाने हाती आलेल्या रेषेपुढे चित्रकाराला आधी भावयित्री प्रतिभा लागते. स्वतःच्याच कागदाकडे त्याला परक्या रसिकाच्या नजरेने पाहावे लागते, आणि नव्याण्णव रेघोट्या टाकून एक ठेवावी लागते. कारयित्रीचे काम त्यानंतर सुरू होते. चिठ्ठ्यांच्या खेळात बिघडते ते येथेच. पहिली चिठ्ठी रंगली नाही की दुसरी, दुसरी नाही की तिसरी. निवड चित्रात न होता चिठ्ठ्यांतच होऊन जाते.

‘करायला गेलो गणपती आणि झाला मारुती’ असे म्हणून आपण मूर्तिकाराला हसतो. पण झालेला मारुती त्याला दिसला, त्याला त्याने शेपटी दिली, आणि पुढच्या वर्षी तोच मारुती जाणूनबुजून घडविला, तर हसण्याचे कारण उरत नाही. तरुण चित्रकारांनी चिठ्ठ्या जरूर उचलाव्यात. मात्र एका चिठ्ठीतून आलेला माणूस निदान दहा वेळा काढून होईपर्यंत दुसरीला हात लावू नये.