बालारोग्याची विद्या आणि मोजणीची भाषा

विद्यापीठातील अध्यापकाच्या कर्तृत्वाचे मोजमाप बहुधा त्याच्या प्रकाशित लेखनावरून होते. बाल व कुमार वयाच्या सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास हा ज्याचा आयुष्यक्रम आहे, त्याला मात्र ही कसोटी अपुरी पडते. त्याच्या लेखनाचा विषय असलेले मूल ते लेखन वाचत नाही. त्याची आईही वाचत नाही. तेव्हा अशा विद्वानाने कोणती संज्ञा योजली, ती कोणापर्यंत पोहोचली आणि तिने कोणाला मोजणीत घेतले, हा प्रश्न भाषिक असूनही प्राणांतिक महत्त्वाचा ठरतो. या दृष्टीने मराठी प्रदेशातील दोन ग्रंथकृत्ये तपासून पाहण्याजोगी आहेत.

नगरहून निघालेला रस्ता बीड जिल्ह्यातील कड्यावरून, पुढे आष्टीवरून जामखेडास जातो. त्या जामखेडात डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्याची आखणी मात्र अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, प्रा. कार्ल टेलर यांच्या विभागात शिकत असताना झाली होती. टेलर यांचा जन्म मसुरीजवळील लँडौर येथला. पंजाबातील नारंगवाल येथे त्यांनी बालकांच्या पोषण व आजारांवर दीर्घ संशोधन केले आणि १९७८ च्या आल्मा-आटा घोषणेच्या घडणीतही त्यांचा वाटा होता. प्राध्यापकी आयुष्याचे फळ निबंधांच्या यादीत शोधावे की विद्यार्थ्यांच्या कृतीत, या वादात टेलर यांचे उदाहरण दुसऱ्या पक्षाला बळ देणारे आहे.

आरोळे दांपत्याचा ‘जामखेड’ हा इंग्रजी ग्रंथ १९९४ साली निघाला. त्याचे मोठे वैशिष्ट्य असे, की ज्ञानाचा उगम त्यात एकाच ठिकाणी दाखविलेला नाही. ग्राम आरोग्य सेविका, म्हणजे बहुधा निरक्षर व अनेकदा दलित स्त्रिया, या तेथे केवळ निरोप पोहोचविणाऱ्या नाहीत. शिकून शिकविणाऱ्या आहेत. जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडू नये, ही गोष्ट वैद्यकाच्या परिभाषेतून घरच्या बोलीत आणताना त्या भाषांतरकाराचे काम करतात. हे भाषांतर साधले नसते, तर औषध असूनही मूल दगावले असते.

तथापि ग्रंथाचा स्वर कृतज्ञतेचा आहे, आणि कृतज्ञता ही चिकित्सेची जागा घेऊ शकत नाही. प्रकल्पाच्या आकडेवारीप्रमाणे १९७१ च्या सुमारास दर हजारी १७६ असलेला अर्भकमृत्यूचा दर पुढील पंचवीस वर्षांत २६ पर्यंत उतरला. ही उतरण विलक्षण खरी; परंतु त्याच काळात राज्यभर मृत्युदर घटत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तौलनिक परीक्षणात प्रकल्पाच्या गावांतील एक महिना ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूचा धोका शेजारच्या गावांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या महिन्यातील मृत्यूंत मात्र तसा निश्चित फरक दिसला नाही. या निष्कर्षाने जामखेडचे मोल घटत नाही. उलट ते नेमके होते. यशाची कथा जेथे थांबते, तेथून पुढच्या संशोधनाचा आरंभ होतो.

तो आरंभ गडचिरोलीत झाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हेही जॉन्स हॉपकिन्सचेच विद्यार्थी. ज्यांना मोठी संख्या मोजता येत नव्हती अशा दायांसाठी त्यांनी मण्यांचे श्वासमापक साधन सिद्ध केले. गणिताची अट सैल केली, निदानाची केली नाही. पुढे ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत सुमारे ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. जामखेडने जो पहिला महिना मोकळा सोडला होता, तोच येथे अभ्यासविषय झाला.

२००१ सालच्या ‘कोवळी पानगळ’ या मराठी अहवालाने हाच प्रश्न राज्यासमोर मांडला. वर्षाला पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत हे त्याचे अनुमान शासकीय नोंदींपेक्षा पुष्कळच मोठे होते. त्याच्या शीर्षकाचा विचार व्हावयास हवा. पानगळ हा ऋतुधर्म आहे. त्यात कोणी अपराधी नसतो. मृत्यूला हे रूपक लावले की उत्तरदायित्व निसर्गाकडे जाते. ‘कोवळी’ हे विशेषण मात्र रूपकाला आतून छेद देते, कारण कोवळे पान आपण होऊन गळत नाही. विशेषण विसरून नामच लक्षात ठेवणाऱ्या वाचकाला हळहळ वाटेल, जाब विचारावासा वाटणार नाही. शीर्षकाचे सामर्थ्य आणि धोका असे एकाच ठिकाणी आहेत.

कुमारवयाकडे वळले की संज्ञांचा गोंधळ अधिक उघड होतो. संस्कृत परंपरेत ‘पौगंड’ म्हणजे पाच ते दहा वर्षांचे वय आणि ‘कैशोर’ त्यापुढील पंधरापर्यंतचे; आधुनिक मराठीने पौगंडावस्था तारुण्याच्या उंबरठ्यावर नेली, आणि २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने किशोरवयाची सीमा दहा ते एकोणीस अशी ठरविली. बोलीत मात्र मुलगी ‘शहाणी’ होते आणि लगोलग ‘लग्नाची’ होते. या दोन शब्दांमध्ये तिसरी अवस्था राहत नाही.

कडा आणि भोवतालच्या ऊसतोड मजुरांच्या गावांत याचा परिणाम स्पष्ट दिसतो. तेथे मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला. कोयता हे हत्यार खरे, परंतु व्यवहारात त्याचा अर्थ पतिपत्नीची जोडी. या एककात मुलाला स्थान नाही. उलट अविवाहित तरुण अर्धा कोयता ठरतो आणि लग्न ही मजुरीची पूर्वअट होते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचा विवाह अठरापूर्वी झालेला आढळला. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. केवळ एका शब्दाने हे घडते असे नव्हे. दुष्काळ, कर्ज आणि शिक्षणाचा खंड ही मूळ कारणे आहेत. परंतु कारखान्याचा हिशेब ‘कोयता’ म्हणतो आणि आरोग्याची नोंद ‘किशोरी’ म्हणते. एकाच सोळा वर्षांच्या मुलीची ही दोन नावे एकमेकांस ओळखत नाहीत. हंगामात ती गावाच्या वहीतून निसटते आणि फडाच्या वहीत कोणाची तरी पत्नी म्हणून उरते.

जामखेड आणि गडचिरोली या दोन्ही परंपरांनी हे सिद्ध केले, की ज्याची मोजणी होते त्याचीच काळजी घेतली जाते. त्यांचे अपुरे राहिलेले काम मोजणीच्या एककाची चिकित्सा करण्याचे आहे. ते एकट्या वैद्यकाचे नव्हे. शब्दाचा व्यवहारातील अर्थ शोधणाऱ्या भाषाभ्यासकाचेही आहे. आरोग्यविद्येच्या अध्यापकाची थोरवी ठरविताना त्याचे निबंध अवश्य मोजावेत. परंतु त्याच्या वहीत आलेली, पूर्वी कोणत्याच वहीत नसलेली मुले किती, हेही त्याबरोबर विचारले गेले पाहिजे.