बिदरची झिलई : प्रभाव की भाषांतर?

तौलनिक अभ्यासात ‘प्रभाव’ ही संज्ञा देणारा आणि घेणारा अशी दोनच स्थाने मान्य करते. घेतलेली गोष्ट नव्या ठिकाणी कशाला जोडली गेली, हा प्रश्न तीत मागे पडतो. कर्नाटकातील बिदर येथील रंगीत झिलईच्या टाइल्सचे काम या संज्ञेची मर्यादा दाखवून देते.

गिलानहून आलेला बहमनी वजीर महमूद गावान याने १४७२ साली बिदरचा मदरसा उभारला. मधला चौक, चारही बाजूंच्या उंच कमानी आणि दर्शनी भागावरील टाइल्स पाहता खुरासानातील खर्गिर्दचा १४४४ चा मदरसा आठवणे स्वाभाविक आहे. मात्र इराणात भिंत भाजक्या विटेची असे. झिलई दिलेली वीट त्याच भिंतीचा घटक होऊ शके. बिदरची भिंत दगडाची आहे आणि नक्षी तिच्यावर चुन्याने बसवलेली आहे. साम्य पृष्ठभागावर आहे, भेद सांध्यात आहे.

गावान हा ‘रियाज-उल-इन्शा’ या पत्रसंग्रहाचा कर्ताही होता. फारसी इन्शा-गद्यात अरबी वचने आणि पद्यखंड गद्यात जडवले जातात. टाइलकामातही एकेका रंगाचे तुकडे कापून जुळवले जातात. हे साधर्म्य मोहक असले तरी अपुरे आहे. गावानचे पत्र हेरातच्या जामीपर्यंत एकाच वाचकवर्गात प्रवास करीत होते. टाइलला परक्या भिंतीवर टिकायचे होते.

या अडचणीला पुढच्या शतकात एक उत्तर मिळालेले दिसते. अली बरीदशहाच्या (१५४२–१५८०) रंगीन महालात टाइल्स आहेतच. शिवाय काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे जडवले आहेत. तुकडे जुळवण्याचे तत्त्व तेच, पण आता ते स्थानिक दगडाच्या आत शिरले आहे. अनुकरणाचे भाषांतर होते ते इथे.

मराठीच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया अपरिचित नाही. ‘अर्ज’, ‘फर्मान’, ‘वजीर’ हे शब्द फारसीतून आले. पण ‘अर्जास’, ‘फर्मानाने’, ‘वजिराचा’ म्हणताना त्यांना मराठी विभक्तीने आपल्या रचनेत घेतले. शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’ने अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी त्यांपैकी अनेक शब्द भाषेत राहिले. उसन्या शब्दांची केवळ यादी करून हा टिकाव स्पष्ट होत नाही. शब्द कोठून आला याइतकेच तो कोणत्या सांध्यात बसला, हे तपासणे तौलनिक समीक्षेचे काम आहे.