सी भाषेची क्रमिक पुस्तके : स्वाध्यायांच्या निकषावर एक विचार

महाविद्यालयीन स्तरावर सी भाषेचे पुस्तक निवडताना त्याची अनुक्रमणिका आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून पाहण्याची पद्धत आहे. घटक जुळले की शिफारस होते. प्रस्तुत लेखकास हा निकष अपुरा वाटतो. प्रोग्रॅमिंग हे नुसत्या वाचनाने साध्य होणारे शास्त्र नसल्यामुळे पुस्तकाचा कस त्यातील स्वाध्यायांतच लागतो.

या दृष्टीने कर्निघन व रिची यांचा 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हा ग्रंथ (१९७८, दुसरी आवृत्ती १९८८) आजही अभ्यासण्याजोगा आहे. त्याच्या पहिल्याच प्रकरणात शब्द मोजणारा एक छोटा प्रोग्रॅम येतो आणि त्यामागोमाग या प्रोग्रॅमची चाचणी कशी घ्याल, असे विद्यार्थ्याला विचारले जाते. रिकामी फाइल, लागोपाठची अनेक रिक्त स्थाने, शेवटी नवी ओळ नसलेला मजकूर, अशा शक्यता त्याला स्वतःच शोधाव्या लागतात. पुढील स्वाध्यायात शब्दांच्या लांबीचा स्तंभालेख काढायचा असतो. आडवा आलेख सोपा. उभ्यासाठी मात्र सर्वांत मोठी संख्या आधी शोधून वरच्या ओळीपासून छापत यावे लागते. विद्यार्थी खऱ्या अर्थाने विचार करू लागतो तो येथे.

अर्थात वाचकाला चल, लूप इत्यादी संकल्पना परिचित आहेत, हे या ग्रंथाने गृहीत धरले आहे. मराठी माध्यमातून आलेल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला तो रूक्ष वाटतो. यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी'ची सोपी, संवादी इंग्रजी अशा वेळी मोठाच आधार ठरते.

आक्षेप आहे तो 'आउटपुट ओळखा' या प्रश्नप्रकाराच्या अतिरेकाला. एकाच पदावलीत एकाच चलाची किंमत दोनदा बदलणारे प्रश्न परीक्षांमध्ये आणि प्रश्नसंचांमध्ये सर्रास आढळतात. वस्तुतः अशा पदावलीचे उत्तर सी भाषेच्या प्रमाणकाने निश्चित केलेलेच नाही. म्हणजे ज्या प्रश्नाला उत्तर नाही, त्याचे 'अचूक' उत्तर आपण पाठ करून घेतो!

प्रात्यक्षिकाच्या जर्नलची अवस्था याहून वेगळी नाही. क्रमगुणिताचा प्रोग्रॅम बहुतेक जर्नलमध्ये असतो, पण नमुना उत्तर पाचाचे, १२०. कोणत्या संख्येपासून उत्तर चुकू लागते, हा एक प्रश्न जोडला असता तर? टर्बो सीमध्ये साध्या पूर्णांकाची मर्यादा ३२,७६७ असल्याने आठाचेच क्रमगुणित (४०,३२०) चुकते. ३२ बिटांचा पूर्णांक वापरणाऱ्या आजच्या कंपायलरवर तेराचे. दोन ओळींच्या या शोधातून स्मृतीची रचना जितकी उमगते, तितकी एका संपूर्ण प्रकरणाच्या वाचनाने उमगत नाही.

कर्निघन-रिची यांच्या स्वाध्यायांची उत्तरेही टोंडो व गिम्पेल यांच्या पुस्तकात तयार मिळतात, हे येथे नमूद केले पाहिजे. तेव्हा स्वाध्याय थोडा बदलून देण्याचे काम अध्यापकाकडेच येते. शब्दांच्या लांबीच्या त्याच प्रोग्रॅमला यूटीएफ-८ मधील मराठी परिच्छेद द्यावा. 'मराठी' या शब्दाची लांबी तो १५ दाखवील, कारण तो बाइट मोजतो आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. या आकड्याचे कारण जर्नलमध्ये लिहावयास सांगितले, तर ते उत्तरांच्या त्या पुस्तकातून उतरवून घेता येणार नाही.