न धुतलेला रोल

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंनी स्वदेशी कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले आणि बाबूरावांनी सहकाऱ्यांच्या साह्याने ते काम तडीस नेले. बाबूरावांच्या १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’ या मूकपटास आपले समीक्षक वास्तववादाचा आरंभ मानतात. हा गौरव रास्त असेलही. परंतु तो मूकपट आज उपलब्ध नाही. न पाहिलेल्या कलाकृतीची थोरवी आपण एकमेकांच्या शब्दांवर विसंबून गात आलो, हे आम्हांस आपल्या समीक्षेचे वैगुण्य वाटते.

याउलट उदाहरण उत्तर ध्रुवाकडचे आहे. १८९७ मध्ये स्वीडनचे आन्द्रे दोन सोबत्यांसह हायड्रोजनच्या फुग्यातून निघाले आणि परतले नाहीत. १९३० मध्ये त्यांचे अवशेष व कॅमेऱ्याच्या फिल्म सापडल्या. जॉन हर्ट्झबर्ग यांनी त्या धुतल्या आणि सुमारे २४० पैकी ९३ चित्रे वाचविली. बर्फावर कोसळलेला फुगा व जवळ उभे असलेले दोघे, हे त्यांतील एक. त्यावरील डागांत अनेकांना काव्य दिसते. आम्हांस तसे वाटत नाही. डाग ही ओलीची करणी. तिचे श्रेय छायाचित्रकारास कसे द्यावे? चित्र बोलके झाले ते सोबत सापडलेल्या रोजनिशींमुळे. त्यांनीच स्थळ, दिवस व माणसे यांची ओळख पटविली.

हाच निकष आपल्या घरांना लावून पाहावा. वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्यात एखादा न धुतलेला रोल आजही असू शकेल. कुतूहलापोटी मागचे झाकण उघडू नये. प्रकाश शिरला की सारे संपले. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत फिल्मवरील जिलेटिनला बुरशी चढते, म्हणून विलंबही नको. रोल कोडाक्रोमचा असल्यास मूळ रंगांची आशा सोडावी, कारण त्याची रासायनिक प्रक्रिया २०१० च्या अखेरीपासून जवळजवळ बंद झाली आहे. कृष्णधवल चित्र मात्र मिळू शकते.

आणि मिळाले तर? बाप्तिस्म्याच्या घोळक्यात उभी असलेली ती अनोळखी स्त्री कोण, हे कोणतेही रसायन सांगणार नाही. ते कदाचित घरातील एकट्या आजीलाच ठाऊक असेल. तिची नजर अधू होण्यापूर्वी रोल धुऊन घ्यावा, चित्रे तिच्यापुढे ठेवावीत आणि ती सांगेल ती नावे मागील बाजूस पेन्सिलीने लिहावीत. ‘सावकारी पाश’ पाहिलेल्या प्रेक्षकांना विचारण्याची वेळ आपण घालविली. घरातली वेळ अजून गेलेली नाही.